वेग विकत घेतला, पण तो संगणकापर्यंत पोचला का?

मालाचे वजन कमी भरले तर व्यापारी आधी तराजूकडे बघतो. शंभर किलोचे पैसे मोजून वीस किलो माल घरी नेणारा माणूस नांदेडच्या इतवाऱ्यात सापडणार नाही, लातूरच्या गंजगोलाईतही सापडणार नाही. मात्र इंटरनेटच्या बाबतीत आपले कितीतरी बंधू महिन्यामागून महिने हाच व्यवहार करीत आहेत. बिल शंभर एमबीपीएसचे भरतात आणि घरातल्या संगणकावर प्रत्यक्षात पंधरा-वीस मिळतात. तक्रार केली की जोडणीवाला सांगतो, मोठा प्लॅन घ्या. मोठा प्लॅन घेतला जातो, बिल वाढते, आणि संगणक होता तिथेच राहतो.

आमचे स्पष्ट मत असे की, अशा पुष्कळ प्रकरणांत दोष तारेचा नसतो आणि प्लॅनचाही नसतो. राउटर आणि संगणक यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांच्या हवेत तो असतो. रस्त्यावरून घरापर्यंत वेग येतो, पण खोलीतल्या खोलीत सांडून जातो. हे सांडणे थांबवायला बहुतेक वेळा मोठा खर्च लागत नाही. थोडी माहिती आणि अर्ध्या तासाची सवड पुरेशी होते. म्हणूनच या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हा विषय व्यापार-पानावर का?

कोणी म्हणेल, वाय-फायचा विषय मुलांचा, त्याचे व्यापाराशी काय नाते? नाते आहे आणि ते दिवसेंदिवस घट्ट होत आहे. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि विवरणपत्र भरण्यासाठी पोर्टलशिवाय दुसरा मार्ग उरला नाही. 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आले. उद्यम नोंदणी, बँकेचे व्यवहार, सरकारी खरेदीच्या निविदा, सगळे पडद्यावर गेले. दुकान लहान असले तरी त्याचा हिशोब आता घरच्या संगणकावर होतो, आणि तो बहुधा रात्री, दुकान वाढवून झाल्यावर होतो. विवरणपत्राची मुदत संपत आलेली असताना संगणक फिरत राहिला तर विलंब शुल्क व्यापाऱ्याच्याच खिशातून जाते.

कारागिरांचेही तसेच आहे. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची डिझाइन करणारे, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे, संगणकीय भरतकामाचे नमुने काढणारे, फर्निचरचे आराखडे बनवणारे असे आपल्या समाजातील अनेक तरुण आज घरातल्या एका टेबलावर धंदा करतात. ज्या मुलींना घराबाहेर पडून नोकरी करणे जमत नाही, त्यांतल्या कित्येक जणी घरी बसून डिझाइनचे किंवा हिशोबाचे काम घेऊ लागल्या आहेत. त्यांचे दुकान म्हणजे तो संगणकच. दुकानाचे शटर अर्धेच उघडत असेल तर गिऱ्हाईक किती आत येणार?

साधा हिशोब मांडू या. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. पाचशे एमबीची एक फाइल म्हणजे चार हजार मेगाबिट झाले. संगणकाला 20 एमबीपीएस मिळत असतील तर तिला 200 सेकंद, म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंद लागतात. 100 मिळत असतील तर 40 सेकंदांत काम उरकते. फरक दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा पडला. दिवसाला अशा बारा फाइली असतील तर रोजची 32 मिनिटे जातात, आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांत तेरा तास वीस मिनिटे. इतके तास कारागीर नुसता पडद्याकडे बघत बसतो. मजुरी रोजाने मिळो वा नगावर, ही वेळ परत मिळत नाही.

दोन पट्टे, दोन स्वभाव

राउटर आणि संगणक यांचे बोलणे हवेतल्या लहरींवर चालते. त्यासाठी मुख्यतः दोन पट्टे वापरले जातात. एक 2.4 गिगाहर्ट्झचा आणि दुसरा 5 गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, दुसऱ्याची सहा सेंटिमीटरच्या आत. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते आणि दूरवर जाते. आखूड लहर भिंतीला थकते, पण तिच्या पट्ट्यात जागा भरपूर असल्यामुळे ती एका वेळी कितीतरी जास्त माल वाहते.

हे दोन्ही पट्टे परवान्याविना वापरता येतात. अमेरिकेने 1985 साली 2.4 गिगाहर्ट्झसारखे पट्टे अशा दळणवळणासाठी खुले केले. 1997 मध्ये वाय-फायचे पहिले मानक निघाले आणि त्याचा वेग जेमतेम 2 एमबीपीएस होता. आपल्या देशात 2.4 चा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला. त्याच वर्षी 5 चा काही भाग घरातल्या वापरासाठी खुला झाला, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने 5 गिगाहर्ट्झमधील एकूण 605 मेगाहर्ट्झ घरात तसेच बाहेरही परवान्याविना वापरायला मोकळे केले. जुन्या पट्ट्याची सगळी रुंदी किती? फक्त 83.5 मेगाहर्ट्झ. एकीकडे बोळ आणि दुसरीकडे हमरस्ता, असा हा फरक आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. राउटरच्या नावापुढे ‘5जी’ असे दिसले की अनेकांना वाटते, मोबाइलचे 5जी घरात आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. 1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात सुरू झालेले मोबाइलचे 5जी म्हणजे पाचवी पिढी. राउटरवरचे 5जी म्हणजे 5 गिगाहर्ट्झ. या नावाचा फायदा घेऊन कोणी जादा पैसे मागत असेल तर सावध राहावे.

सोळा रस्त्यांची गोलाई आणि तीन वाटांची हवा

लातूरची गंजगोलाई 1917 साली उभी राहिली. तिच्यापासून सोळा रस्ते फुटतात, म्हणून इतका मोठा बाजार तिथे मावतो. तिथे फक्त तीनच रस्ते असते तर काय झाले असते याची कल्पना करा. 2.4 च्या पट्ट्यात नेमके तेच झाले आहे. त्यात चॅनेल तेरा दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न अडवता चालतील असे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11.

आता आपल्या दोन शहरांकडे पाहा. लातूरमध्ये शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून विद्यार्थी येतात, नांदेडमध्येही येतात. वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या, खानावळी, त्यांच्या प्रत्येक मजल्यावर एक राउटर. बाजारात भिंतीला भिंत लावून दुकाने, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र राउटर. ब्लूटूथचे स्पीकर आणि हेडफोन, बिनतारी माउस, वाय-फायवर चालणारे बरेच कॅमेरे, हे सगळे त्याच 2.4 वर. बेकरी किंवा हॉटेलातली मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असा वाय-फायचा नियम आहे, बाकीच्यांनी थांबायचे. मग संध्याकाळी सातला सगळे एकदम बोलू लागले की तुमच्या संगणकाची पाळी उशिराच येणार.

त्यात संगणकाचे कार्ड जुने असेल तर दुखण्यात भर पडते. एका अँटेनाचे ‘एन’ जातीचे कार्ड 2.4 च्या नेहमीच्या चॅनेलवर कागदोपत्री 72 एमबीपीएसने जोडले जाते, आणि हाती येते त्याच्या निम्म्याच्या आसपास. एकाच अँटेनाचे ‘एसी’ जातीचे कार्ड 5 गिगाहर्ट्झवर 433 ने जोडले जाते. त्याचेही निम्मे धरले तरी शंभरचा प्लॅन पुरता वसूल होतो.

आधी माप घ्या, मग पैसे काढा

आमची वाचकांना पहिली विनंती ही की, काहीही विकत घेण्यापूर्वी माप घ्यावे. त्याची रीत सोपी आहे. राउटरपासून संगणकापर्यंत एक लॅन केबल लावा आणि वेग मोजा. मग केबल काढून, संगणक त्याच जागी ठेवून, वाय-फायवर पुन्हा मोजा. ही दोन्ही मापे सकाळी एकदा व संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी एकदा घेऊन कागदावर लिहून ठेवा.

केबलवरही वेग कमीच येत असेल तर प्रश्न जोडणी देणाऱ्याचा आहे. अशा वेळी नवे यंत्र घेऊ नका, तो कागद दाखवून हक्काने तक्रार करा. केबलवर पुरा वेग आणि वाय-फायवर अपुरा, असे असेल तर प्रश्न घरातला आहे आणि मोठा प्लॅन घेऊन तो सुटणार नाही. प्लॅनच 30 चा असेल आणि वाय-फायवर 28 मिळत असतील, तर पट्टा बदलून विशेष काही हाती लागणार नाही. तिथे खर्च करणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

दुसरी तपासणी मोबाइलची. राउटरजवळ उभे राहून मोबाइलमध्ये वाय-फायची यादी उघडा. तिथे 5 चे नाव दिसते आणि संगणकात दिसत नाही, याचा अर्थ बहुधा संगणकाच्या कार्डात तो पट्टाच नाही. दोन्हीकडे दिसत नसेल तर राउटर एकाच पट्ट्याचा आहे, किंवा त्यात 5 चा पट्टा बंद ठेवलेला आहे, किंवा दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले आहे. जोडणीबरोबर फुकट मिळालेले कितीतरी राउटर एकाच पट्ट्याचे असतात. नवी जोडणी घेताना ‘ड्युअल बँड’ राउटर मागून घ्यावा.

विंडोजच्या संगणकात डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टरच्या यादीत कार्डाचे नाव वाचता येते. नावात ‘एसी’ किंवा ‘एएक्स’ असेल तर 5 चालतो. फक्त ‘एन’ किंवा ‘बी-जी-एन’ असेल तर ते बहुधा जुन्याच पट्ट्याचे असते. कार्ड चालणारे असूनही संगणक 2.4 लाच चिकटत असेल, तर त्याच कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ या भागात बऱ्याचदा ‘प्रिफर्ड बँड’ अशी ओळ असते. तिथे 5 गिगाहर्ट्झ निवडावे. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देणे हा त्याहून सरळ उपाय. मग संगणकाला 5 चे नाव जोडावे आणि 2.4 च्या नावावरची आपोआप जोडणी काढून टाकावी. पण 2.4 चा पट्टा राउटरमधून बंद करू नये, कारण पुष्कळ प्रिंटर आणि कॅमेरे फक्त त्यावरच चालतात.

कार्डच जुने निघाले तरी संगणक भंगारात टाकण्याचे कारण नाही. दोन्ही पट्टे घेणारा यूएसबी अडॅप्टर साधारण हजार ते दीड हजार रुपयांत मिळतो. तो शक्यतो निळ्या रंगाच्या, जलद यूएसबी खाचेत लावावा आणि दुकानदाराकडून आपल्याच संगणकावर चालवून घ्यावा. तत्पूर्वी एकदा राउटरचा 5 चा चॅनेल 36 करून पाहावा. काही जुन्या कार्डांना सगळे चॅनेल दिसत नाहीत आणि एवढ्या बदलाने काम होऊन जाते.

वीज जाऊन आल्यावर

आपल्या भागात वीज जाणे-येणे नवे नाही, आणि त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. 5 च्या पट्ट्यातले मधले चॅनेल, 52 पासून 144 पर्यंतचे, रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यांवर बोलण्यापूर्वी राउटरला किमान एक मिनिट कान देऊन, रडार नाही ना, याची खात्री करावी लागते. वीज आली की 2.4 चे नाव लगेच दिसते, 5 चे मागाहून. तोवर संगणक 2.4 ला जोडला जातो आणि बहुधा तिथेच बसतो. ‘काल वेग चांगला होता, आज नाही’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. राउटर 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांपैकी चॅनेलवर ठेवला तर ही वाट पाहावी लागत नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा 12 व्होल्टचा यूपीएसही उपयोगी पडतो.

भिंतीशी भांडू नका

5 चा पट्टा सर्वांना सर्व ठिकाणी लाभतो असे आम्ही म्हणणार नाही. औसा, उदगीर, कंधारच्या जुन्या वस्त्यांत अजून दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती आहेत, माळवदे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुष्कळ ठिकाणी सिमेंट-काँक्रीटची घरे आली, पण काँक्रीटची भिंत आणि स्लॅबही आखूड लहरीला भारी पडतात. पत्र्याचे शेड, लोखंडी शटर, गोदरेज पद्धतीचे कपाट यांच्यापुढे तर लहर हात टेकते. मागच्या खोलीत 5 चे चिन्ह एक-दोन रेघांवर आले असेल तर तिथे 2.4 च बरा.

म्हणून राउटर दाराच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा कपाटावरच्या ट्रंकेआड न ठेवता उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवावा. साधे रिपीटर घेताना विचार करावा. एकाच पट्ट्याचा रिपीटर तोच निरोप दोनदा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आणि संगणक टेबलावरून हलणारच नसेल तर सर्वांत उत्तम उपाय केबलच. ‘कॅट 5ई’ जातीची केबल शंभर मीटरपर्यंत 1000 एमबीपीएस वाहून नेते. तिला ना शेजाऱ्याचा राउटर आडवा येतो, ना बेकरीची भट्टी. काही शे रुपयांच्या तारेने काम होत असेल तर लहरींच्या मागे लागूच नये.

शेजाऱ्याचाही हक्क आहे

परवाना लागत नाही याचा अर्थ मालक नाही असा होत नाही. ही हवा सर्वांची आहे. वेग कमी झाला की काही जण 2.4 मध्ये चॅनेलची रुंदी दुप्पट करतात. त्यांना चार दिवस बरे वाटते, पण शेजारच्या तीन दुकानांची वाट अडते, आणि मग तेही तेच करतात. शेवटी कोणालाच काही मिळत नाही. आपला माल फुटपाथवर पसरून दुसऱ्याच्या दुकानाचे तोंड झाकण्यासारखेच हे आहे. आमची सूचना अशी की, एका गाळ्याच्या किंवा एका गल्लीच्या दुकानदारांनी एकत्र बसून 1, 6 आणि 11 हे चॅनेल आपसांत वाटून घ्यावेत, रुंदी 20 ठेवावी, आणि ज्यांचे संगणक 5 वर जाऊ शकतात त्यांनी तिकडे जावे. पुढे गेलेल्याने मागच्यासाठी जागा मोकळी केली, हेही एक भले काम आहे.

मात्र शेजारधर्म म्हणून पासवर्ड वाटत सुटू नये. ज्या जोडणीवरून बँकेचे व्यवहार होतात तिची किल्ली गल्लीभर फिरणे धोक्याचे आहे. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे ‘गेस्ट’ नाव करता येते, ते करावे.

तरुणांना दोन शब्द

काही वडीलधारे म्हणतात, आमचे काम चालते आहे, कशाला या भानगडीत पडायचे? त्यांच्या अनुभवाचा आम्ही आदर करतो. पण काम चालणे वेगळे आणि काम वेळेवर होणे वेगळे. गिऱ्हाईक आज नांदेडहून हैदराबादला आणि लातूरहून पुण्याला फाइल पाठवून काम करून घेऊ शकते. ते थांबून राहील या भरवशावर धंदा चालत नाही.

संगणक आणि मोबाइल दुरुस्तीत आपले कितीतरी तरुण आहेत. त्यांनी हे काम सेवा म्हणून उचलावे. घरी जाऊन माप घ्यावे, कागदावर लिहून द्यावे, जिथे नुसती सेटिंग बदलून भागते तिथे अडॅप्टर विकू नये, जिथे केबल पुरते तिथे राउटर विकू नये, आणि आपली मजुरी आधी सांगून रोख घ्यावी. आज खरे सांगून पाचशे रुपयांचा माल न विकणारा कारागीर उद्या त्याच गल्लीतली दहा घरे मिळवतो. बाजारात पत अशीच तयार होते.

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे इतकेच की, येत्या सुटीच्या दिवशी एक केबल आणि एक कागद घेऊन बसा. मापे लिहा. कागद जे सांगेल ते करा, आणि तोवर मोठ्या प्लॅनच्या अर्जावर सही करू नका.